मनगटाच्या भरपाईचा दावा: फाईल लावण्यापूर्वी

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव या कारखान्यांच्या पट्ट्यात हाताने काम करणाऱ्या ज्या कामगाराला तुटलेल्या बोटाची, किंवा तीच ती हालचाल वर्षानुवर्षे करून कामातून गेलेल्या मनगटाची, कोपराची, खांद्याची भरपाई मागायची आहे, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी दावा दाखल करण्यापूर्वी काय जमवावे, याची ही यादी आहे. आधार कार्ड, पासबुक आणि फोटो यांबद्दल मी काही लिहिणार नाही. ते असतातच, आणि नसले तर करून मिळतात. नंतर करून मिळत नाही तो पहिला केसपेपर. मागच्या वेळी एका सहकाऱ्याची फाईल लावताना नेमका तोच मी उघडून वाचला नव्हता, म्हणून या यादीत तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

पहिला केसपेपर म्हणजे दुखणे घेऊन माणूस ज्या दवाखान्यात पहिल्यांदा गेला तिथला कागद, मग तो कामगार विम्याचा दवाखाना असो, गल्लीतले डॉक्टर असोत वा मोठे रुग्णालय. सहकाऱ्याच्या त्या कागदावर एवढेच होते: उजवे मनगट दुखते, तीन आठवडे, खाली दोन गोळ्या आणि एक मलम. काम कोणते, हालचाल कोणती, दुखणे पाळीच्या शेवटी वाढते की सुट्टीच्या दिवशी कमी होते, यांतले अक्षरही नाही. पुढे उलटतपासणीत मालकाच्या विमा कंपनीच्या वकिलांनी तोच कागद हातात धरून कामाचा उल्लेख यात कुठे आहे असे विचारले, आणि त्यानंतरच्या तज्ज्ञांच्या सविस्तर अहवालांना दाव्यासाठी मागाहून तयार केलेले कागद ठरवणे त्यांना सोपे गेले. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘हात दुखतो’ एवढे सांगून थांबू नये. मी कोणत्या मशीनवर आहे, बोल्ट आवळायची कोणती गन धरतो, किती काळापासून, आणि दुखणे कामावर असताना सुरू झाले, हे स्वतःहून सांगावे, ते लिहून घ्यावे अशी विनंती करावी आणि खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी कागद वाचावा. सुपरवायझर सोबत आला असेल आणि ‘घरी पडलो म्हणून सांग, नाहीतर चौकशी लागेल’ असे म्हणत असेल, तर त्याला बाहेर बसवावे. तुटलेल्या बोटाच्या बाबतीतसुद्धा हा प्रकार होतो. प्रेसखाली गेलेले बोट दरवाजात चेमटले असे लिहिले जाते आणि नंतर ते खोडायला जन्म जातो. पहिल्या कागदावर कामाची नोंद राहूनच गेली असेल, तर त्यात मागाहून एक शब्दही घालू नये. पुढच्याच भेटीत पूर्ण हकीकत त्या दिवसाच्या तारखेने नोंदवून घ्यावी.

या एका कागदावर मी इतका का अडलो आहे, याचे कारण कायद्यात आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. तीत पारा, बेंझिन, आवाजाने आलेला बहिरेपणा, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) असे आजार आहेत, पण कार्पल टनेल (मनगटात नस दबणे), टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे) किंवा एकाच हालचालीने आलेले खांद्याचे दुखणे नाही. यादीतल्या आजाराच्या बाबतीत, ठरलेल्या नोकरीच्या अटी पूर्ण झाल्या की तो कामामुळे झाला असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवणे बहुतांशी मालकाकडे जाते. यादीत नसलेल्या आजारासाठी मात्र कलम ३(४) म्हणते की तो कामातून व कामाच्या ओघात घडलेल्या विशिष्ट अपघाती इजेमुळे थेट उद्भवलेला असला तरच भरपाई मिळेल. तुटलेले बोट स्वतःच पुरावा असते. झिजलेल्या मनगटाला बोलते करावे लागते, आणि त्याच्या बाजूने सर्वांत आधी बोलतो तो पहिला केसपेपर. एखाद्या दिवशी जड नग उचलताना कळ आली, गन निसटून मनगटाला हिसका बसला, त्या पाळीनंतर मूठच वळेना, असे प्रत्यक्ष घडले असेल तर ती तारीख, पाळी आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. घडले नसेल तर तारीख बनवू नये. खोटी तारीख हजेरीपटावर उघडी पडते आणि मग खऱ्या दुखण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

त्यानंतर कामाचे वर्णन एका पानावर लिहावे, आणि ते आकड्यांत असावे. ‘हाताला खूप ताण पडतो’ या वाक्याचा काही उपयोग नाही. ‘चाळीस सेकंदांना एक नग, एका नगाला चार बोल्ट, खालचे दोन बोल्ट मनगट वाकवून, आठ तासांच्या पाळीत अर्धा तास सुट्टी वजा जाता ६७५ नग, म्हणजे २,७०० वेळा गनचा घोडा दाबणे’ हे वाक्य डॉक्टरांनाही कळते आणि भरपाईचा दावा ऐकणाऱ्या आयुक्तांनाही. सोबत गनचे वजन, कामाच्या टेबलाची उंची आणि माणसे कमी असताना केलेल्या जादा पाळ्या यांची नोंद असावी. हे पान डॉक्टरांना दाखवावे, म्हणजे केसपेपरवर जाणारी हकीकत आणि अर्जातली हकीकत एकच राहील.

पुढची गोष्ट चुकली तर संपूर्ण दावा चुकीच्या दारात जातो. पगारपत्रकात राज्य कामगार विम्याची ०.७५ टक्के कपात दिसते का ते आधी पाहावे. ही योजना २०१७ पासून २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू आहे, आणि जो विमाधारक आहे त्याला १९४८च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या कलम ५३ मुळे त्याच इजेसाठी १९२३च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. त्याचा मार्ग विम्याच्या शाखा कार्यालयातून आणि वैद्यकीय मंडळातून जातो: तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ, कायमच्या अपंगत्वासाठी मंडळ ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम, आणि मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास अपील. या मार्गावर कारखान्याच्या अपघात नोंदवहीतली नोंद आणि मालकाने पाठवलेला अपघात अहवाल यांची नक्कल लागते. मंडळासमोरसुद्धा पहिला केसपेपर काढला जातो, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. कपात होते पण कंत्राटदार पैसे भरत नाही, हा प्रकार नवा नाही. म्हणून विमा क्रमांकावर भरणा दिसतो का ते दुखापतीआधीच तपासून ठेवलेले बरे.

आणखी एक तारीख पाहावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि १९२३ आणि १९४८च्या कायद्यांचे हे दोन्ही जुने विषय तिच्यात आले आहेत. दुखापत त्या तारखेच्या आधीची की नंतरची, हे वकिलांना पहिल्याच भेटीत सांगावे. मी इथे १९२३च्या कायद्याची कलमे देतो आहे, कारण चालू असलेली बहुतेक प्रकरणे त्याच कायद्याखालची आहेत.

मालकाला लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी. तीत नाव, पत्ता, इजेचे कारण आणि तारीख साध्या शब्दांत असावी. एक प्रत हातोहात देऊन पोच घ्यावी, पोच नाकारल्यास स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरला पाठवलेला निरोप पुरावा म्हणून चालू शकतो, पण त्याच्यावर विसंबू नये. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो, परंतु हळूहळू आलेल्या दुखण्यात दोन वर्षे कुठून मोजायची यावरच भांडण होते, तेव्हा थांबण्यात शहाणपणा नाही. सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने स्वखर्चाने वैद्यकीय तपासणी देऊ केली तर ती नाकारू नये, कारण नाकारल्यास हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो. जावे, आणि तिथेही पहिल्या केसपेपरवर आहे तीच हकीकत सांगावी, कमी नाही आणि जास्तही नाही.

रकमेसाठी वयाचा दाखला, पगारपत्रके आणि बँकेच्या नोंदी लागतात. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. तीस वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराचा, वयाप्रमाणे ठरलेला गुणक २०७.९८ आहे, १५,००० च्या ६० टक्के म्हणजे ९,००० ला त्याने गुणले की १८,७१,८२० रुपये येतात, आणि कायमच्या अंशतः अपंगत्वात कमावण्याची क्षमता जितके टक्के गेली तितका भाग मिळतो. अंगठा गेला तर पहिल्या अनुसूचीप्रमाणे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. मनगटाच्या दुखण्याला त्या अनुसूचीत टक्केवारी नाही, तिथे डॉक्टरांचे मत निर्णायक ठरते, आणि दहा टक्के लिहिले की तीस, यात पावणेचार लाखांचे अंतर आहे.

म्हणून प्रमाणपत्र काय म्हणते ते नीट पाहावे. पुण्याच्या ससून रुग्णालयातून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातून मिळणारे दिव्यांगत्व प्रमाणपत्र अवयवाची टक्केवारी सांगते; दाव्याला लागते ती कमावण्याच्या क्षमतेची टक्केवारी, आणि ती पात्र डॉक्टरांनी या माणसाचे काम लक्षात घेऊन स्वतंत्रपणे लिहिलेली असावी. या दोन आकड्यांत किती फरक पडू शकतो ते सर्वोच्च न्यायालयाच्या प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७५च्या निकालात दिसते: सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याची क्षमता शंभर टक्के गेली असे धरले गेले. डॉक्टर साक्षीला येतील का, हे प्रमाणपत्र घेतानाच विचारावे. नसांच्या तपासणीचा अहवाल मूळ स्वरूपात ठेवावा.

कोऱ्या कागदावर सही करू नये. ‘हलके काम देतो, एवढे लिहून दे’ असे म्हणून हक्क सोडल्याचा कागद पुढे केला जातो. कलम १७ प्रमाणे असा करार रद्दबातल असला तरी तो रद्द ठरवून घेण्यात वर्ष जाते. तडजोड करायचीच असेल तर तिची आयुक्तांकडे नोंदणी करून घ्यावी. कामगार स्त्री असेल तर एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा व्हायला हवी, हातात दिलेली रक्कम कायद्याने भरपाई ठरत नाही.

अर्जात कंत्राटदार, मूळ मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करावे. महिन्याभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विमा कंपनीवर पडत नाही, मालकावर पडतो, म्हणून मालकाला वगळू नये. दोन्ही गोष्टी अर्जात स्पष्ट मागाव्यात.

सुनावणीला मूळ कागद, तीन झेरॉक्स संच, साक्षीदार सहकाऱ्याची रजा आधी मंजूर. तारखा पडतात, पडू द्याव्यात, गैरहजर राहू नये. निकालानंतर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, तेही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. मालकाला अपील करायचे तर रक्कम आधी जमा करावी लागते, ती केली का ते विचारावे. आणि केसपेपर लॅमिनेट करू नये, मागच्या बाजूलाही नोंदी असतात. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा.