क्लायंट फोल्डरांच्या परवानग्या: स्क्रिप्ट चालवण्याआधीची तयारी

सीएच्या ऑफिसात बहुतेक वेळा सगळ्या क्लायंटची फोल्डरं एकाच शेअरपॉइंट (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल ठेवण्याची सेवा) लायब्ररीत असतात, आणि एकाचा ताळेबंद दुसऱ्याच्या ऑडिटवरच्या आर्टिकलला (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रशिक्षणार्थीला) दिसू नये एवढीच पार्टनरांची मागणी असते. पाच-दहा फोल्डरं असतील तर हातानेच उरका. शेकड्यात गेली की पीएनपी पॉवरशेल (शेअरपॉइंटची कामं स्क्रिप्टने करून देणारा कमांडांचा संच) घ्या. फक्त सप्टेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. टॅक्स ऑडिटची ३० तारीख समोर असताना (मुदतवाढ मिळो वा न मिळो) कुणाचं फोल्डर दिसेनासं झालं, तर ऐकून घ्यायला तुम्हीच असाल.

आधी एक्सेलमध्ये तक्ता करा: फोल्डरचा मार्ग, गट, पातळी. खरं काम इथेच आहे, स्क्रिप्ट दहा ओळींची असते. गटाच्या रकान्यात माणसांची नावं नकोत. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे. माणसं बदलत राहतात, गट तोच राहतो. पातळी ठरवताना लक्षात ठेवा, ‘कॉन्ट्रिब्यूट’ दिलं की फाइल डिलीट करण्याचीही मुभा दिली. रिसायकल बिनमध्ये ती ९३ दिवस मिळते, हा त्यातल्या त्यात दिलासा. नुसतं पाहायचं असेल त्याला ‘रीड’ पुरे.

मार्ग लिहिताना स्क्रीनवरच्या नावावर जाऊ नका. वर ‘डॉक्युमेंट्स’ दिसतं, पण पत्त्यात बहुधा ‘शेअर्ड डॉक्युमेंट्स’ असतं, आणि फोल्डर शोधताना पत्ताच चालतो. नावाच्या शेवटी राहिलेली स्पेसही काढा. फोल्डरांची नावं मराठीत असतील तर तक्ता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते. सेट-पीएनपीफोल्डरपरमिशन या कमांडला ‘क्लिअरएक्झिस्टिंग’ जोडलं की फोल्डरवरच्या आधीच्या परवानग्या पुसल्या जातात. तक्त्यात एकाच फोल्डरच्या तीन ओळी आहेत, पार्टनर, मॅनेजर आणि ऑडिट टीम, आणि प्रत्येक ओळीला हे जोडलं, तर दुसरी ओळ पहिलीला पुसते आणि तिसरी दुसरीला. उरते फक्त ऑडिट टीम. म्हणून ते फोल्डरच्या पहिल्याच ओळीला लावा, पुढच्या ओळींना नको. पार्टनरांचा गट तक्त्यात हवाच. ‘मालकच आहेत, त्यांना दिसेलच’ हे गृहीत धरू नका.

मशीनवर पॉवरशेल ७ असू द्या, विंडोजसोबत येणारं ५.१ नको. लॉगिनसाठी सगळे वापरायचे ते पीएनपीचं सामायिक अ‍ॅप सप्टेंबर २०२४ पासून बंद आहे, त्यामुळे एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टची खाती आणि लॉगिन सांभाळणारी सेवा) स्वतःचं अ‍ॅप नोंदवून त्याचा क्लायंट आयडी (अ‍ॅपचा ओळख क्रमांक, ऑफिसच्या क्लायंटशी संबंध नाही) हाताशी ठेवा. त्यासाठी अ‍ॅडमिनची मंजुरी लागते, ती आठवडाभर आधीच मागा.

एका लायब्ररीत वेगळ्या परवानग्यांची कमाल मर्यादा ५०,००० आहे, पण मायक्रोसॉफ्टचाच सल्ला ५,००० च्या आत राहण्याचा. तेव्हा क्लायंटच्या फोल्डरवर थांबा, आतल्या ‘जीएसटी’, ‘टीडीएस’ वगैरेंना वेगळं काढत बसू नका. लायब्ररीत एक लाखाहून जास्त आयटम झाले असतील तर मात्र आधी लायब्ररीची विभागणी करा. एवढे आयटम झाल्यावर लायब्ररीच्या पातळीवर वारसा (वरून आपोआप येणाऱ्या परवानग्या) तोडता येत नाही.

चालू परवानग्यांचा अहवाल काढून ठेवा, परत फिरायची वेळ आली तर तोच कामाचा. कुणी आतली एखादी फाइल लिंकने शेअर केली असेल तर परवानग्यांच्या बाबतीत ती फोल्डरपासून आधीच वेगळी पडलेली असते. अशा फाइलींची यादी पार्टनरांपुढे ठेवा, कुणाचं काय ठेवायचं ते त्यांनी सांगावं.

पहिली फेरी एका रिकाम्या फोल्डरवर काढा. तपासणी अ‍ॅडमिनच्या खात्यातून करू नका, त्याला सगळंच दिसतं. एखाद्या आर्टिकलला शेजारी बसवून त्याच्याच लॉगिनने दुसऱ्या क्लायंटचं नाव सर्चमध्ये टाकायला सांगा. काही आलं नाही तर पुढच्या फोल्डरांकडे वळा, आणि स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट (स्क्रीनवरचं सगळं फाइलमध्ये नोंदवणारी कमांड) सुरू करायला विसरू नका.