वाघाच्या विष्ठेतून डीएनए : जंगलात नमुना कसा घ्यायचा

ताडोब्याच्या आसपासच्या बीटवर (वनरक्षकाच्या गस्तीच्या हद्दीत) नव्याने रुजू झालेल्या वनरक्षकांना आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी विष्ठेचे नमुने घ्यायला शिकवते. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ट्रॅप कॅमेरे लावलेत ना, मग हे कशाला?"

कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, नातं दिसत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून 2019 मध्ये निघालेला तो तरुण वाघ आठवा. गळ्यात रेडिओ कॉलर, आणि शेतं, रस्ते, नाले ओलांडत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरमुळे त्याची सगळी वाट कळली. पण तिथे वाघीणच नव्हती. म्हणजे वाघ पोचला, त्याची जनुकं मात्र पुढच्या पिढीत गेली नाहीत. एका जंगलातल्या नराची पिल्लं दुसऱ्या जंगलात वाढताहेत का, हे डीएनएच सांगतो, आणि तो वाघाला बेशुद्ध न करता, हातही न लावता मिळतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशी विष्ठेवर चिकटून बाहेर येतात. आपल्याला हव्यात त्या पेशी.

आधी परवानगी. "विष्ठाच तर उचलायची आहे" असं म्हणून कुणीही जंगलात शिरू नये. वाघ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. संशोधनासाठी नमुने घ्यायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते आणि तिची प्रत खिशात ठेवावी लागते. सोबत बीटचा वनरक्षक किंवा वनमजूर हवाच. त्याच्याइतकी त्या वाटेची माहिती दुसऱ्या कुणाला नसते.

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरला की कामाला लागा. ओल आणि ऊन, दोन्ही डीएनए तोडतात. पावसात भिजलेल्या विष्ठेतून बहुधा काहीच हाती येत नाही. सकाळी लवकर निघा, म्हणजे रात्रीची विष्ठा ऊन लागण्याआधी सापडते. कच्चे रस्ते, जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे), नाल्याची वाळू आणि विशेषतः वाटा फुटतात ती ठिकाणं बघा. वाघ विष्ठेने हद्द सांगतो, त्यामुळे तो ती सहज दिसेल अशा जागी टाकतो. शेजारी मागच्या पायांनी उकरल्याच्या खुणाही बरेचदा असतात.

विष्ठा वाघाची की बिबट्याची, यावर तिथे उभं राहून वाद घालू नका. मोठ्या बिबट्याची आणि लहान वाघाची विष्ठा नुसत्या जाडीवरून वेगळी सांगता येत नाही. कितीही अनुभवी माणूस असला तरी चुकतो. वहीत "मोठी मांजर" एवढंच लिहा. अस्वलाची मात्र ओळखता येते : बोराच्या बिया, मोहाची फुलं, वाळव्यांचे तुकडे. रानकुत्री एकाच जागी ढीग घालतात.

आता प्रत्यक्ष काम. मास्क आणि हातमोजे घाला. विष्ठेत जंतांची अंडी असतात. हात लावण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. मग वरची चकचकीत, चिकट साय शोधा. ती ताजेपणाची खूण आणि तिथेच पेशी जास्त. आतला भाग केस आणि हाडांचा चुरा असतो, म्हणजे भक्ष्याचा. आपल्याला भक्षक हवाय. निर्जंतुक बोळ्याची काडी बफरमध्ये (डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात) ओली करून वरच्या थरावर हलकेच फिरवा आणि बोळा बफरच्या नळीत सोडा. दुसऱ्या नळीत वरच्याच थराचा सुपारीएवढा तुकडा घ्या आणि त्याच्या किमान चौपट इथेनॉल ओता. इथेनॉल 95 टक्क्यांच्या वरचं हवं. दवाखान्यातलं 70 टक्क्यांचं स्पिरिट चालत नाही. त्यातल्या पाण्याने डीएनए टिकत नाही. एक नमुना झाला की हातमोजे बदला. तेच मोजे पुन्हा वापरले तर दोन वाघ एका नळीत येतात. उरलेली विष्ठा तिथेच राहू द्या. ती त्या वाघाची निशाणी आहे, ती पुसण्याचा आपल्याला हक्क नाही.

चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा. मार्करची शाई इथेनॉल सांडलं की धुऊन जाते आणि नाव नसलेली नळी फेकूनच द्यावी लागते. नमुना क्रमांक, तारीख, वेळ, जीपीएस, बीट, जमीन कशी होती, विष्ठा किती ताजी वाटली, कुणी घेतली, एवढं वहीत आणि चिठ्ठीवर, दोन्हीकडे.

इतकं काटेकोर का? विष्ठेतला डीएनए तुटका आणि थोडा असतो. प्रत्येक जनुकस्थानी आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन रूपं येतात. नमुना खराब असला तर यंत्राला त्यातलं एकच दिसतं आणि वेगळी दोन रूपं असलेला वाघ सारखी दोन असलेला भासतो. असे नमुने साठले तर निरोगी जंगलातही जवळच्या नात्यातली पैदास चालली आहे, असा निष्कर्ष निघू शकतो. प्रयोगशाळेत तीच चाचणी अनेकदा करून हा दोष कमी करतात, पण सुरुवात सायीपासून होते.

नमुने कुठून घ्यायचे, याबद्दल माझं मत ठाम आहे : दोन अभयारण्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांतून जास्त घ्या. ब्रह्मपुरीचं वनक्षेत्र, उमरेडकडची जंगलं, राजुऱ्यावरून तेलंगणात उतरणारा पट्टा. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाटमधल्या वाघांवरचा 2013 मधला अभ्यास विष्ठेवरच उभा होता, आणि जंगलाचे जोडपट्टे शाबूत आहेत तिथे जनुकांची ये-जा चालू असल्याचं त्यातून दिसलं. पट्टे तुटले की काय होतं, ते ओडिशाच्या सिमिलिपालमध्ये दिसतं. तिथले अनेक वाघ काळसर, जाड पट्ट्यांचे आहेत. एका जनुकातल्या बदलामुळे हे होतं, हे 2021 मध्ये बंगळुरूच्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. थोडक्या वाघांपासून वाढलेल्या, बाहेरून कुणी न येणाऱ्या जंगलात असं दुर्मीळ रूप पसरतं. तिथे नवं रक्त यावं म्हणून 2024 मध्ये आपल्या ताडोब्याच्या दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, नेल्या. झीनत झारखंड ओलांडून थेट पश्चिम बंगालमध्ये गेली आणि तिला पकडून परत आणावं लागलं. पिंजऱ्यातून वाघ नेणं हा शेवटचा उपाय आहे. पायांनी जायची वाट राखणं कितीतरी स्वस्त आणि वाघाच्या सोयीचं. ढोबळ नियम असा की पिढीमागे बाहेरचा एखादा जरी वाघ आला आणि त्याची पिल्लं झाली, तरी विविधतेची घसरण बरीच रोखली जाते. तो एखादा वाघ सापडेल तर धानाच्या बांधाजवळच्या विष्ठेतच. म्हणून ती उचला.

नळ्या जीपच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. सावलीत, कापडी पिशवीत ठेवा आणि मुक्कामी पोचलात की फ्रीजरमध्ये. इथेनॉल ज्वालाग्राही असल्याने कुरिअरवाले अडवतात. म्हणून एक दिवस इथेनॉलमध्ये राहिलेला तुकडा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांवर कोरडा करून पाठवता येतो. दाणे निळ्याचे गुलाबी झाले तर बदला.

विष्ठा कुठे सापडली, त्याचे जीपीएस आकडे व्हॉट्सॲपच्या गटात कधीही टाकू नका, फोटोसोबतही नाही. ताजी विष्ठा म्हणजे वाघ तिथेच आसपास आहे, हे शिकाऱ्यालाही कळतं. वही थेट क्षेत्र अधिकाऱ्यांच्या हातात द्या.