डोमेन सोडण्याआधी आम्ही काय केलं

हरमलची होमस्टे बंद केल्यावर वहिनी म्हणाली, "आता डोमेनचे पैसे कशाला भरायचे?" डोमेन म्हणजे पैसे भरून ठरावीक मुदतीसाठी घेतलेलं वेबसाइटचं नाव. वेबसाइट गेली तरी चालणार होती. पण त्याच नावाच्या ईमेलवर परदेशी पाहुणे पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो पाठवत, कारण पाहुणा आल्यापासून २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म, भरावा लागायचा.

डोमेन सुटलं की ते कोणीही घेऊ शकतो. जुने मेल त्याला मिळत नाहीत, पण त्या पत्त्यावर नव्याने येणारं सगळं मिळतं, पासवर्ड बदलायची लिंकसुद्धा. म्हणजे त्या पत्त्यावर उघडलेलं जवळपास प्रत्येक खातं त्याच्या हातात जाऊ शकतं. मला खरी धास्ती याचीच होती.

म्हणून इनबॉक्समध्ये 'वेलकम', 'व्हेरिफाय', 'इन्व्हॉइस' असे शब्द शोधून खात्यांची यादी केली. बँक, बुकिंगच्या साइट, वीजबिल, सगळीकडे वहिनीचा जीमेल घातला. नको ती खाती बंद केली. रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिचं, खातंही याच पत्त्यावर होतं, ते सगळ्यांत आधी बदलावं. नेहमीच्या पाहुण्यांना नवा पत्ता कळवला आणि पासपोर्टचे फोटो कायमचे काढून टाकले.

डॉट कॉम मुदत संपताच सुटत नाही. आधी रजिस्ट्रार नूतनीकरणासाठी देतो ती सवलतीची मुदत, मग जादा पैसे भरून सोडवायला ३० दिवस, शेवटी नाव काढून टाकण्याआधीचे ५ दिवस, ज्यात ते परत घेता येत नाही. तरीही आम्ही अजून एका वर्षाचे पैसे भरलेत. कुठून मेल येतात ते बघतोय आणि तिथला पत्ता बदलतोय. डोमेनच्या जाहीर नोंदीत आमचं नाव-पत्ता झाकणारी प्रायव्हसी सेवा तोवर चालूच आहे.