पेंटबॉल मार्करमध्येच फुटतोय? या चुका टाळा

पावसाळ्यात मुळशीच्या बाजूला पेंटबॉल खेळायला गेलं की थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी मार्कर (रंगाचे बॉल झाडणारी गन) हलवत ओरडतं, "अरे, गन खराब दिलीय!" बहुतेक वेळा गन ठणठणीत असते, बॉल सादळलेले असतात.

पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं, व्हिटॅमिनच्या मऊ कॅप्सूलसारखं. जिलेटिन हवेतला ओलावा ओढून घेतं. जुलैतल्या पुण्याच्या हवेत उघडी पिशवी ठेवली की बॉल पापडासारखे सादळतात: फुगतात, नरम पडतात, एकमेकांना चिकटतात. नेहमीचा ०.६८ कॅलिबरचा बॉल सुमारे १७.३ मिलिमीटरचा असतो. तो जरासा फुगला तरी बॅरलमध्ये, म्हणजे गनच्या पुढच्या नळीत, घासून फुटतो. डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं, थंडीने कवच कडक आणि ठिसूळ होतं. म्हणून पिशवी घट्ट बंद करून घरात थंड, कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको, आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत तर मुळीच नको.

आता रंग कुठे सांडलाय ते बघा, कारण निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

हॉपरच्या (वरच्या बॉलच्या डब्याच्या) नळीखाली, बोल्टच्या (बॉल पुढे ढकलणाऱ्या दांड्याच्या) तोंडाशी रंग आणि कवचाचे तुकडे असतील, तर बॉल कापला गेलाय. साध्या हॉपरमधून बॉल फक्त स्वतःच्या वजनाने खाली येतो. तो पूर्ण बसल्यावर बोल्टने त्याला पुढे ढकलायचं असतं. तुम्ही घाईघाईने ट्रिगर दाबत सुटलात, तर बॉल अर्धवट उतरलेला असतानाच बोल्ट येतो आणि त्याचे दोन तुकडे करतो. नळीच्या तोंडाशी बॉल एकमेकांत अडकले तरी हेच होतं. साध्या हॉपरवर दोन शॉटमध्ये जरा दम धरा, मार्कर अधूनमधून हलवा. बॅटरीचा हॉपर असेल तर आधी सेल बदलून पाहा. मंद फिरणाऱ्या मोटरपायी चांगल्या मार्करला लोक उगाच नावं ठेवतात. याच जागी बॉल थोपवून धरणारा छोटा अडसर असतो, डिटेंट. तो झिजला की दुसरा बॉलही आत घुसतो आणि चिरडतो.

रंग फक्त बॅरलमध्ये असेल, तर बॉल फुगलेला आहे किंवा बॅरल घाण आहे. बॅरल मार्करपासून वेगळं करा, पुसा, त्यात बॉल टाका. आपोआप घरंगळला तर तो सैल आहे. फुंकर मारल्यावर निघाला तर बरोबर. फुंकूनही हलला नाही, तर त्या पिशवीतले बॉल वापरू नका.

एक चूक मात्र मला खरंच काळजीत टाकते. बॉल फुटू लागले की काही जण बॉल सुटण्याचा वेग वाढवतात. त्याने कवचाला जास्तच धक्का बसतो, आणि मैदानांवर साधारण पाळली जाणारी ३०० फूट प्रतिसेकंदाची मर्यादा ओलांडली की समोरच्याला इजा होऊ शकते. वेग नेहमी क्रोनोग्राफवर (बॉलचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजूनच लावा.

जमिनीवर पडलेला बॉल परत हॉपरमध्ये टाकू नका. त्याला चिकटलेली माती बॅरलमध्ये जाते, आणि एक बॉल फुटला की ओल्या बॅरलमध्ये पुढचेही फुटत जातात.

साफ करताना मास्क डोळ्यांवरच राहू द्या. हॉपर काढा, आतला बॉल सुरक्षित दिशेला झाडा, गॅसची टाकी सोडवा, उरलेला दाब मोकळा करा आणि मगच बॅरल काढा. आतला रंग पाण्यात विरघळतो, त्यामुळे बॅरलला ओलं फडकं पुरतं. नंतर कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा, नाहीतर त्याच ओलाव्याने पुढचा बॉल नरम पडेल.