गावात सहकारी तत्त्वावर इंटरनेट आणताय? या चुका आधी टाळा

१९९८ मध्ये वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. साखर कारखान्याच्या आणि इतर सहकारी संस्थांच्या बळावर परिसरातल्या सत्तरएक गावांत संगणक केंद्रं उभी राहिली, उसाची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे संगणक जुने झाले, देखभाल जड जाऊ लागली, आणि काही गावांत तेच काम साध्या मोबाइलवर एसएमएसने करून पाहावं लागलं. आज एखादी विकास सोसायटी किंवा दूध संघ इंटरनेटचं काम अंगावर घेतो, तेव्हाही गाडं देखभालीपाशीच अडतं.

ग्रामपंचायतीत फायबर आली म्हणजे गावात नेट आलं असं समजणं

भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची, केबल सुरुवातीला तालुक्यापासून एका सरळ रेषेत टाकली गेली. एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद. २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात रिंग पद्धत आली, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून डेटा येतो. आपलं गाव रिंगवर आहे की जुन्याच रेषेवर, हे सदस्यांकडून पैसे गोळा करण्याआधी विचारा. आणि पंचायतीपासून वाडी-वस्तीपर्यंतची लाइन कोणाची, हे कागदावर आणा.

एक घरगुती कनेक्शन घेऊन दहा घरांत वाटणं

हे सर्रास चालतं आणि ते चुकीचं आहे. घरोघरी जोडणी द्यायची तर परवानाधारक इंटरनेट कंपनीशी भागीदारीचा करार हवा. चौकात सार्वजनिक वायफाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिथे पीडीओला, म्हणजे वायफाय देणाऱ्या दुकानाला किंवा सोसायटीला, परवाना लागत नाही आणि नोंदणी शुल्कही नाही.

जेसीबीला विसरणं

फायबरचा खरा शत्रू पाऊस नाही, खोदकाम आहे. रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, शेताची ताल: जेसीबीचा दात लागला की दोन मिनिटांत गाव बंद. केबल कुठून गेली याचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावा, बांधावर खुणेचे दगड रोवा, खोदणाऱ्याला ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर आधी कळवायला लावा. शेतातून केबल नेणार असाल तर शेतकऱ्याची लेखी संमती घ्याच. तोंडी ‘हो’ वाटणीच्या वेळी टिकत नाही. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये २०११ साली स्थापन झालेल्या बीफॉरआरएन या लोकसंस्थेला शेतकऱ्यांनी जमिनीतून फुकट वाट दिली, स्वतः चर खोदले, आणि त्या मेहनतीबद्दल त्यांना संस्थेचे शेअर मिळाले. श्रमदानाची सवय असलेल्या आपल्या गावांना हे अजिबात अवघड नाही.

नेट बंद पडलं की आधी तक्रार, मग तपासणी

आधी ओएनटीच्या डबीकडे, म्हणजे घरात फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या यंत्राकडे, बघा. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर प्रकाश पोहोचत नाही: केबल तुटली आहे किंवा डबीला जोडलेली पिवळी वायर (पॅचकॉर्ड) दारात चिमटली आहे. ‘पॉन’ नुसता लुकलुकत असेल तर डबीची कंपनीच्या यंत्रणेशी जुळणी झालेली नाही. तिथे घरात खटपट करून उपयोग नाही, कंपनीलाच फोन लावा. दोन्ही दिवे ठीक दिसतात आणि तरी नेट अडखळतं, तर केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर मोजायला सांगा. आकडा वजा २७ डीबीएमच्या (पॉवर मोजायचं एकक) खाली, म्हणजे वजा २८, वजा २९ असा, गेला की जोडणी भरवशाची राहत नाही. कारण बहुतेकदा कनेक्टरच्या टोकावरची धूळ असते. ते टोक बोटाने किंवा शर्टाने पुसू नका.

डोंगरापलीकडच्या पाड्यावर पाच गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक असेल आणि ती पावसाळ्यातच तुटत असेल, तर दोष पावसाच्या थेंबांना देऊ नका. वाटेत झाडाची फांदी वाढली आहे का, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का, ते बघा. मनोऱ्याला अर्थिंग नसेल तर पहिल्याच विजेत रेडिओ, म्हणजे लिंकचं यंत्र, जळू शकतो. आणि बॅटरीशिवाय बसवलेली यंत्रणा लाइट गेली की थांबते, मग फायबर कितीही चांगली असो.

पैशाचं थोडक्यात. महिन्याची फी फक्त बँडविड्थच्या बिलाएवढी ठेवू नका. बॅटरी, ओएनटी आणि स्प्लायसिंगसाठी (तुटलेली फायबर जोडण्यासाठी) वेगळा निधी पहिल्या महिन्यापासून बाजूला काढा. कंपनीशी करार करताना फॉल्ट किती तासांत काढायचा आणि तेवढ्यात निघाला नाही तर बिलात किती सूट, हे आकड्यांत लिहून घ्या. गावातल्या दोन पोरांना स्प्लायसिंग शिकवण्याची अटही त्याच करारात घाला.