कापडी डायपर वॉशिंग मशीनमध्ये कसे धुवावेत

कापडी डायपरला वास मारतो, ते गळतात, बाळाला पुरळ येतं म्हणून बरीच घरं दोन-तीन महिन्यांत पुन्हा पाकिटातल्या डायपरकडे वळतात. कापडाला दोष दिला जातो, पण बहुतेक वेळा गडबड धुण्यात असते. बाळाचे कपडे म्हणून चमचाभर 'बेबी लिक्विड', गार पाणी आणि पंधरा मिनिटांचं क्विक वॉश. झबली-टोपरी एवढ्यात निघतात. रात्रभर शू पिऊन बसलेलं चार-सहा पदरी कापड निघत नाही. त्याला दोन धुणी लागतात. पहिल्यात घाण निघून जाते, दुसऱ्यात कापड धुतलं जातं. ही दोन धुणी एकात उरकायला गेलं की बिघडतं.

आधी कापड ओळखा

जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे लंगोट एकेरी कापडाचे असतात. ते कशानंही निघतात आणि तासाभरात वाळतात. हल्लीच्या डायपरची गोष्ट वेगळी. बाहेरचं कव्हर पॉलिस्टरचं असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर बसवलेला असतो. याला पीयूएल म्हणतात. पाणी अडवतो तो हाच थर. कडेनं इलॅस्टिक असतं. आत शोषून घेणारी घडी असते, तिला कुणी इन्सर्ट म्हणतं, कुणी सोकर. ती सुती, बांबूची, हेम्पची (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याची) किंवा मायक्रोफायबरची (अतिबारीक कृत्रिम धाग्याची) असते. इन्सर्टला गरम पाणी आणि कडक ऊन मानवतं, कव्हरला दोन्ही जास्त झालं तर पीयूएल सुटतं आणि इलॅस्टिक सैल पडतं. म्हणून आजीनं लंगोट उकळायला सांगितले तर सुती लंगोट खुशाल उकळा, कव्हर मात्र त्या पातेल्यात जाता कामा नये.

नवे इन्सर्ट आणल्या आणल्या वापरू नका. सुती आणि हेम्पच्या धाग्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे सुरुवातीला पाणी वरच्या वर ओघळतं. डिटर्जंट घालून गरम पाण्यात तीन-चार वेळा धुऊन वाळवले की शोषण वाढायला लागतं, आणि पुढच्या काही धुण्यांत आणखी सुधारतं. मायक्रोफायबरला एक धुणं पुरतं. तो बाळाच्या कातडीला थेट लावायचा नसतो, ओल ओढून कातडी कोरडी पाडतो. त्याच्यावर फ्लीसचं किंवा सुती अस्तर हवंच.

डायपर काढल्यावर

बाळ फक्त अंगावरच्या दुधावर आहे तोवर शी पाण्यात विरघळते. ती काढायची गरज नसते, पण डायपर नळाखाली धरून घेतलेला बरा. उष्टावण झालं, वरणभात सुरू झाला की शीचं रूप बदलतं. मग ती मशीनमध्ये जाऊ द्यायची नाही. कमोडवर डायपर उभा धरून जेट स्प्रे मारला की बहुतेक सगळं खाली जातं. हा जेट आपल्याकडे घरोघरी असतो, आणि या कामासाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आत पातळ लायनर, म्हणजे शी झेलणारा फेकून द्यायचा कागदासारखा तुकडा, घालत असाल तर शीसकट तो उचलता येतो. 'फ्लश करण्याजोगा' असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी तो संडासात टाकू नका, कचऱ्यात टाका. सोसायटीची ड्रेनेज लाइन तुंबली की प्लंबर काय बाहेर काढतो ते विचारून पाहा.

रात्रीचा डायपर सकाळी लगेच साध्या पाण्यानं खळबळून पिळून ठेवावा. लघवीतल्या युरियाचा जंतूंमुळे अमोनिया होतो आणि नाकाला झोंबणारा तो वास कापडात मुरतो. बाकीचे डायपर इन्सर्ट वेगळे काढून, जाळीच्या किंवा भोकांच्या टोपलीत, हवा लागेल असे ठेवायचे. झाकणाच्या डब्यात कोंडले की कुबट होतात.

बादलीत भिजवून ठेवण्याची जुनी सवय इथे सोडावी लागते. दिवसभर घाण पाण्यात पडून इलॅस्टिक आणि पीयूएल खराब होतात आणि जंतूंना आयतं घर मिळतं. शिवाय घरात रांगतं मूल असेल तर भरलेली बादली हा खरा धोका आहे. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

दोन किंवा फार तर तीन दिवसांत धुणं लावायचं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत दर दुसऱ्या दिवशी.

पहिलं धुणं

सगळे इन्सर्ट कव्हरच्या खिशातून बाहेर काढले आहेत ना ते पाहा, वेल्क्रोच्या पट्ट्या त्यांच्या जागी चिकटवून टाका, नाहीतर त्या बाकीच्या कपड्यांना ओरबाडतात. गार किंवा कोमट पाणी घ्या. थेट कडकडीत गरम पाणी नको, त्यानं डाग बसतात. नेहमीच्या मापाच्या निम्मी पावडर घालून अर्ध्या तासाचा छोटा प्रोग्राम लावा आणि स्पिन होऊन ते पाणी पूर्ण निघून जाऊ द्या. स्पिन टाळू नका. शूचं पाणी कापडात राहिलं तर दुसऱ्या धुण्यातली पावडर त्यातच संपते.

दुसरं धुणं

ड्रम उघडून पाहा. तो साधारण दोन-तृतीयांश ते पाऊण भरलेला हवा. फ्रंट लोडमध्ये कपडे एकमेकांवर आपटून घासले जातात. ड्रम रिकामा असेल तर ते नुसते पाण्यात लोळतात, ठासून भरला तर हलतच नाहीत. डायपर कमी असतील तर बाळाची दुपटी, पंचे, लहान टॉवेल आता आत टाका. पहिल्या धुण्यात घाण गेलेली आहे, किळस वाटायचं कारण नाही.

आता 'कॉटन'सारखा मोठा, दीड-दोन तासांचा प्रोग्राम लावा. रोजच्याला ४० अंश, आणि जुलाब, बुरशीचं पुरळ किंवा आजारपण असेल तर ६० अंश. ६० ही वरची मर्यादा समजा, आणि डायपरच्या लेबलवर त्याहून कमी लिहिलं असेल तर कव्हर वेगळी, कमी तापमानाला धुवा. पावडर पुऱ्या मापाची, म्हणजे पाकिटावर 'जास्त मळलेल्या कपड्यांसाठी' जे माप दिलं असेल ते. शेवटी 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण दाबा. फ्रंट लोड मशीन पाणी फार कमी घेतं, म्हणून हे बटण इथे खरंच कामाचं आहे.

टॉप लोडमध्ये पाण्याची पातळी हातानं ठरवता येते. कपडे सहज फिरतील पण पोहणार नाहीत, इतकं पाणी ठेवा. बऱ्याच टॉप लोडना हीटर नसतो. गीझरचं पाणी घालायचं तर किती गरम चालतं ते मशीनच्या पुस्तिकेत आधी पाहा.

सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मेहनत जास्त आहे, पण ताबा सगळा आपल्या हातात असतो. पहिलं धुणं सात-आठ मिनिटं, पाणी सोडून द्या. मग नवं गरमसर पाणी, पुरी पावडर, आणि पंधरा मिनिटांचा टायमर संपला की पुन्हा एकदा फिरवा. मध्ये थोडा वेळ तसंच भिजू दिलंत तर आणखी बरं. ड्रायरमध्ये पिळून, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून, पुन्हा ड्रायर. खळबळताना बारीक फेस दिसला तर चालतो. साबणासारखा दाट फेस आणि हाताला गुळगुळीत लागणारं कापड दिसलं तर आणखी एक पाणी काढा.

पावडर कोणती, आणि काय घालू नये

नेहमीची चांगली मशीनची पावडर घ्या. जिच्यात एन्झाइम आहेत ती अधिक बरी, कारण प्रोटिएज नावाचं एन्झाइम शीमधली प्रथिनं तोडतं. सौम्य बेबी लिक्विड दुपट्यांना ठेवा. 'पण बाळाच्या कातडीला पावडर?' असा प्रश्न घरातून येणारच. कातडीला त्रास देते ती नीट न खळबळलेली पावडर, किंवा नीट न निघालेली शू. पुरेशी पावडर आणि पुरेसं पाणी, दोन्ही हवीत.

फॅब्रिक कंडिशनर कटाक्षानं टाळा. तो धाग्यांवर मऊ लेप चढवतो आणि मग इन्सर्ट पाणी पीतच नाही. डेटॉल प्रत्येक धुण्याला ओतण्याची घरोघरी सवय आहे. त्याची गरज नाही, आणि कापडात राहिलं तर नाजूक कातडीला झोंबतं. व्हिनेगरनं इलॅस्टिक लवकर सैल पडतं. साबणाची वडी आणि क्षाराचं पाणी एकत्र आलं की चिकट साका बनतो. घरकामाच्या मावशी डायपर हातानं धूत असतील तर वडी आणि ब्रश दोन्ही बाजूला ठेवायला सांगा. ब्रशनं पीयूएलला बारीक चरे पडतात.

पाण्याचा प्रश्न

मुंबईला तलावांचं पाणी येतं, ते मऊ असतं. मराठवाड्यात, विदर्भाच्या बऱ्याच भागात आणि शहरांच्या कडेच्या बोअरवेलवाल्या सोसायट्यांत पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. नळाच्या तोटीवर पांढरं बसतं, साबणाला फेस येत नाही, वाळलेला टॉवेल खरखरीत होतो, या खुणा पुरेशा आहेत. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात या जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी तिच्या कितीतरी वर असू शकतं. अशा पाण्यात पावडरीचा बराचसा जोर क्षारांशी झगडण्यातच खर्च होतो. उपाय स्वस्त आहे. दुसऱ्या धुण्यात पावडरीबरोबर एक-दोन चमचे धुण्याचा सोडा घाला. खाण्याचा सोडा नव्हे, तो इथे फारसा उपयोगी नाही. टँकरचं पाणी घ्यावं लागत असेल तर माप दर खेपेला थोडं बदलून पाहावं लागतं.

पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावांत पहिलं धुणं हाताने उरकून फक्त दुसरं मशीनला लावता येतं. शेवटच्या खळबळीचं पाणी साठवून पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्याला वापरलंत तरी काही बिघडत नाही.

वाळवणं

इन्सर्ट कडक उन्हात, कव्हर सावलीत वाऱ्याला. दुधावरच्या बाळाच्या शीचे पिवळे डाग उन्हात आपोआप फिके होतात, कारण तो रंग पित्तातल्या द्रव्यांचा असतो आणि ती उजेडात मोडतात. डाग असलेलं इन्सर्ट ओलं असतानाच उन्हात घाला. डाग राहिला तरी घाबरू नका, डाग म्हणजे घाण नव्हे. ओली कव्हर दोरीवर घालताना इलॅस्टिकवर वजन लोंबकळू देऊ नका.

पावसाळा हीच खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर जाड बांबूचं इन्सर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि अर्धवट ओलं घातलं की पुरळ आलंच. माझं मत असं, की या चार महिन्यांत मलमलीचे चौकोनी लंगोट काढावेत, घडी घालून कव्हरमध्ये ठेवावेत. धुताना उलगडतात, पंख्याखाली रात्रीत वाळतात. धुण्याच्या शेवटी एक जादा स्पिन लावला की वाळण्याचा वेळ बराच वाचतो. शेगडीवर टोपली पालथी घालून बाळाचे कपडे वाळवायची रीत अजून काही घरांत आहे. धुराचा वास कापडात बसतो, तो बाळाच्या श्वासाला चांगला नाही, आणि पीयूएल तर त्या धगीनं वितळेल.

काही बिघडलं तर

इन्सर्टवर पाणी टाकलं आणि थेंब मोत्यासारखे वरच राहिले, तर कापडावर चिकटा बसला आहे. आपल्याकडे याचं सर्वांत मोठं कारण मालिशचं तेल. तेल चोपडून लगेच डायपर घातला की ते कापडात जातं. मालिश, मग अंघोळ, अंग पुसून मग डायपर, हा क्रम सोडू नका. पुरळावर लावायच्या झिंक ऑक्साइडच्या क्रीमचंही तेच, क्रीम लावाल तेव्हा मध्ये सुती फडकं ठेवा. चिकटा काढायला ६० अंशाला पुऱ्या मापाच्या पावडरीचं धुणं, मग फेस संपेपर्यंत नुसत्या पाण्याची धुणी.

धुतलेलं, वाळलेलं कापड शू होताच अमोनियाचा भपकारा मारत असेल तर पावडर कमी पडते आहे. आधी माप वाढवा, सोडा घाला. तरी गेला नाही तर ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेली, डाग काढायची पावडर) गरम पाण्यात घालून एक धुणं करा, गारात तो नीट काम करत नाही. क्लोरीन ब्लीच अगदी क्वचित, पाकिटावरच्या मापानं. आणि तो व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या द्रावणाबरोबर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. पुरळ लालभडक, कडेला बारीक पुटकुळ्यांसह पसरत असेल तर धुण्याचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मशीनही मळतं. महिन्यातून एकदा रिकामा ड्रम सर्वांत गरम प्रोग्रामवर फिरवा, फ्रंट लोडच्या दाराच्या रबराची घडी उलटून पुसा, फिल्टर काढून त्यातला पिंजलेला धागा काढा. धुणं संपलं की दार थोडं उघडं ठेवा.