आधी चिप, मग लस: बंड्याला नाशिकहून जर्मनीला पाठवताना

कुत्र्याला परदेशी न्यायचं ठरलं की माणसं आधी विमानाची तिकिटं बघायला बसतात. जर्मनीला राहायला निघालेल्या आमच्या चिरंजीवांनीही तेच केलं. तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं असतं. पहिल्या दिवशी कालनिर्णय भिंतीवरून उतरवायचं, निघायच्या तारखेवर खूण करायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. भारतातून युरोपात कुत्रा न्यायला कमीत कमी चार महिने लागतात आणि जास्त पैसे मोजले म्हणून त्यातला एक दिवसही कमी होत नाही. मी तर सहा महिने धरा म्हणेन, कारण कुठेतरी एक चूक होतेच. आमची पहिल्याच पायरीला झाली.

पहिली पायरी चिपची. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली जाड सुईने सोडतात. कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही, तिच्यात फक्त १५ आकडी नंबर असतो. घेताना आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे ना ते विचारा, म्हणजे तिकडच्या यंत्रावर वाचता येते. तर झालं असं, की आमच्या बंड्याला रेबीजची लस मार्चमध्ये दिली आणि चिप बसवली मेमध्ये. ‘चालतं हो, काही होत नाही,’ असं दवाखान्यात सांगितलं आणि आम्हीही मान डोलावली. जूनमध्ये कळलं की ती लस कागदावर शून्य. युरोपवाल्यांचा हिशेब सरळ आहे: चिपच्या आधी टोचलेली लस याच कुत्र्याला टोचली होती, हे कशावरून? मग १२ जूनला पुन्हा लस, आणि सप्टेंबरचा बेत थेट दिवाळीनंतर गेला. दोन्ही एकाच दिवशी केलं तरी चालतं, पण आधी सुई चिपची. आणि दर वेळी लस देण्याआधी, रक्त घेण्याआधी चिप यंत्रावर वाचून घ्यायला लावा, नंबर लसीच्या पुस्तकातल्या नंबराशी आकडा न् आकडा ताडून बघा. डॉक्टर घाईत असले तरी आपण संकोच करायचा नाही.

नावाचंही बघून घ्या. आमच्याकडे जुन्या पुस्तकात ‘ब्रूनो’ लिहिलेलं होतं, कारण सोमेश्वरहून पिल्लू आणलं तेव्हा मुलाला ते नाव आवडायचं. घरात ब्रूनोचा बंड्या कधी झाला कुणालाच आठवत नाही. नवीन कागदांवर बंड्या, जुन्यावर ब्रूनो. शेवटी नवं पुस्तकही ब्रूनोच्याच नावानं करून घेतलं आणि कागदोपत्री तो ब्रूनोच राहिला. जातीच्या रकान्यात आम्ही मिश्र, भारतीय असं लिहिलं. जर्मनीसाठी हा रकाना महत्त्वाचा आहे, कारण पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांचे संकर तिथे आणायलाच बंदी आहे. आमचा तोंडावरूनच गावठी, त्यामुळे त्या बाबतीत निश्चिंती.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. आम्ही १५ जुलैला घेतलं. पुढच्या पायाचे थोडे केस काढले, ह्यांनी मान धरली आणि बंड्या माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच सुई टोचतेय. या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, किती आहेत ते मोजतात, एका मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवं. तपासणी युरोपीय आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्याच प्रयोगशाळेत व्हावी लागते, कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चालत नाही. रक्तातलं सीरम वेगळं करून थंड डब्यात पाठवतात, म्हणून नमुना आठवड्याच्या सुरुवातीला घ्या. शुक्रवारी घेतलेला नमुना शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहायचा, त्यातून पावसाळा असेल तर बघायलाच नको. रिपोर्ट चांगला आला की लगेच निघता येतं असं नाही. रक्त घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून मोजू नका, फुकट महिनाभर जास्त थांबाल. आमचे तीन महिने १५ ऑक्टोबरला भरले. एक बरं आहे, पुढचे रेबीजचे बूस्टर मुदतीत घेत राहिलात तर ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही. बूस्टर एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा श्रीगणेशा.

हे थांबण्याचे महिने फुकट घालवू नका, कारण खरी तयारी पिंजऱ्याची असते आणि तिला तेवढाच वेळ लागतो. विमानात चालणाऱ्या पिंजऱ्याचे नियम आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना ठरवते. माप असं घ्यायचं: कुत्र्याला भिंतीला लावून उभं करायचं, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजायची आणि त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा. ही झाली पिंजऱ्याची लांबी. खांद्यांपाशी जितका रुंद, त्याच्या दुप्पट रुंदी. उभा राहिला की डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल तेवढी उंची, वर अंथरुणाची जाडी. बंड्याची लांबी ७५ सेंटिमीटर, कोपर ३२, म्हणून ७५ अधिक १६, म्हणजे ९१. दुकानात बरोबर ९१ चा पिंजरा होता आणि मी खूश झाले. पण ते माप बाहेरून होतं, आत त्याहून कमीच भरतं. मग एक नंबर मोठा घेतला. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणखी दहा टक्के मोठा लागतो, आणि बऱ्याच कंपन्या त्यांना नेतच नाहीत.

आमच्या ओळखीच्या सुतारानं ‘कशाला एवढे पैसे घालवता, मी करून देतो लाकडाचा,’ म्हटलं होतं. त्या नादी लागलो नाही. कच्चं लाकूड परदेशी जायचं तर त्याला ठरलेली उष्णता-प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो, तो कुठून आणणार? जाड प्लॅस्टिकचा, चारही बाजूंनी हवेला वाट असलेला, धातूच्या दाराचा पिंजरा घ्या. दोन्ही भाग जोडायला आलेल्या प्लॅस्टिकच्या खिट्ट्या काढून लोखंडी नट-बोल्ट लावा. चाकं असतील तर काढून टाका. पाण्याची आणि खाण्याची वाटी दाराला अशी अडकवा की दार न उघडता बाहेरून भरता येईल.

आता सवय. पहिले पंधरा दिवस दारच लावलं नव्हतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी पिंजरा ठेवला, आत ह्यांची जुनी लुंगी अंथरली. बंड्यानं चार दिवस त्याच्याकडे पाठ केली. पाचव्या दिवशी हे स्वतः गुडघ्यांवर बसून डोकं आत घालून पोळी खाल्ल्याचं नाटक करत होते, आणि नेमक्या शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. असो. पोळीचा तुकडा आत, मग जेवणच आत, मग दोन मिनिटं दार लावून, मग कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मग दुपारची झोप, मग रात्रभर. घाई केली आणि तो घाबरला तर पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीत याचा उपयोग कळला. दर वर्षी फटाके वाजले की तो बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायचा. या वर्षी लक्ष्मीपूजनाला पहिली माळ वाजली आणि तो सरळ पिंजऱ्यात जाऊन लुंगीत तोंड खुपसून बसला. तेव्हा मला वाटलं, आता हा विमानात बसेल.

तिकिटाचं मग बघा, आणि आधी विमान कंपनीला फोन करा. एका विमानात ठरावीकच प्राणी नेतात, काही विमानांच्या सामानाच्या दारातून मोठा पिंजरा जातच नाही, आणि कडक उन्हाळ्यात अनेक जण प्राणी घेत नाहीत. शक्यतो थेट विमान घ्या. आम्ही मुंबई-फ्रँकफुर्ट घेतलं. तिथल्या विमानतळावर प्राण्यांसाठी वेगळी जागा आणि पशुवैद्यक असतात.

मुलाचा विचार होता की तो आधी जाईल, घर लावेल आणि दोनेक महिन्यांनी आम्ही बंड्याला पाठवू. जमत नाही. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास एकमेकांच्या पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो, नाहीतर तो घरचा कुत्रा न राहता व्यापारी माल ठरतो आणि नियम बदलतात. त्यामुळे तो गेला आणि दिवाळीला परत आला. आम्ही म्हणायचो, आईसाठी नाही आला, कुत्र्यासाठी आला.

शेवटचे दहा दिवस कागदांचे. युरोपाचं आरोग्य प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्यानं लागतं, आणि सही झाल्यापासून दहा दिवसांत कुत्रा तिकडच्या तपासणीला पोचला पाहिजे. जर्मनीतून आत शिरायचं तर नमुना जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांतला हवा. हे काम नाशिकला होत नाही, मुंबईला केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध कार्यालयातून होतं, ज्याला सगळे क्वारंटाइनचं ऑफिसच म्हणतात. आधी वेळ घ्या, मधल्या सुट्ट्या बघा. लसीचं पुस्तक, चिपचा दाखला, रक्ताचा रिपोर्ट, आपल्या डॉक्टरांचा फिटनेस दाखला, मालकाचा पासपोर्ट, तिकीट. सगळ्याची मूळ प्रत हातातल्या पिशवीत आणि तीन झेरॉक्स. एक संच प्लॅस्टिकमध्ये घालून पिंजऱ्याला चिकटवा.

हे सगळं युरोपाचं झालं. ब्रिटनला जाणार असाल तर उतरण्याआधी १ ते ५ दिवसांत पट्टकृमीचं औषध डॉक्टरांच्या हातून द्यावं लागतं. जपानला रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियाला भारतातून कुत्रा सरळ नेताच येत नाही.

सामानात त्याचं खाणं भरू नका. मांस आणि दूध असलेले पदार्थ युरोपात आपल्या बॅगेतून न्यायला बंदी आहे, त्यात कुत्र्याचं पाकिटातलं खाणंही आलं. मी पाव किलो तूप बांधून ठेवलं होतं, मुलानं काढून ठेवलं. माझी थोडी चिडचिड झाली. लुंगी मात्र न धुता पाठवा, वास महत्त्वाचा.

झोपेचं औषध द्यायचं का, असं सगळे विचारतात. देऊ नका. गुंगीत रक्तदाब आणि तोल बिघडतो, आणि वर बघायला कुणी नसतं. कुत्रा गुंगीत दिसला तर कंपनी पिंजरा घेतही नाही. गाडी लागते का ते मात्र आधी बघा. आम्ही दोनदा इगतपुरीपर्यंत नेऊन आणला आणि एकदा कसारा घाट उतरवला. घाटात ओकला. तेव्हापासून निघण्याआधी चार-पाच तास पोट हलकं ठेवायचं ठरलं, पाणी तेवढं द्यायचं. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, बर्फ हळूहळू वितळतो आणि सांडत नाही.

विमान मध्यरात्रीनंतरचं होतं, तरी आम्ही नाशिकहून दुपारी दोनलाच निघालो. भिवंडीच्या आसपास काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. विमानतळाबाहेर पट्टा लावून त्याला अर्धा तास फिरवला, दोन झाडं, एक खांब. पट्टा पिंजऱ्यात ठेवायचा नाही, मालकाच्या खिशात. मग दार लावलं आणि चारही कोपऱ्यांवर प्लॅस्टिकचे पट्टे आवळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. चिपचा नंबर वाचला, कागद बघितले, सोडलं म्हणाला. मी विचारलं, शू केली का? म्हणाला, हो, पार्किंगमधल्या पहिल्याच खांबाला.